तिरका खिसा

नागापूरच्या एमआयडीसीतल्या युनिफॉर्मच्या कारखान्यात बानूआपांनी शिवलेला शर्ट नापास झाला. खिसा सरळ होता आणि केतकी मॅडमच्या स्केचमध्ये तो चांगला तेरा अंश तिरका होता.

मॅडम खास पुण्याहून आणलेल्या डिझायनर. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर स्केच लावलं. शर्टाला चहूबाजूंनी बाण आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला माप. पंचवीस वर्षं मशीनवर बसलेल्या बानूआपा शाळेतल्या पोरीसारख्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"कामगार वाकला तरी पेन पडू नये, म्हणून हा अँगल," मॅडम म्हणाल्या. "यामागे तीन आठवड्यांचा अभ्यास आहे. तो तुम्हाला कळायचा नाही, पण निदान स्केच बघून तरी शिवत जा!"

मालकांनी अशी मान डोलावली, की जणू आजवर कामगारांची पेनं पडूनच कारखाने बुडत होते. पाच हजार शर्टांना तिरका खिसा मंजूर झाला.

"व्हय मॅडम, लई बारीक अभ्यास हाय," म्हणत बानूआपा दारापर्यंत गेल्या आणि काहीतरी आठवून मागं फिरल्या.

"तेवढा माझा शर्ट परत द्या की, मॅडम. समोर ठेवून चित्र काढायला म्हणून तुमी नेल्ता, तो. रोजा हुता, मशीनवर जरा डोळा लागला अन् खिसा तिरका गेला. उसवायचा राह्यलाय."