कोबीला फिरवून आणणे

कोबी वळणावर नीट वळत नव्हता. सरळ रस्त्यावर तो गुण्यागोविंदाने मागे यायचा, पण कोपरा आला की फुटपाथच्या कडेला अडून बसायचा. हिशेबनिसाने दोरी हलकेच ओढली. कोबीचं एक पान सुटलं. कोबी निघाला.

ही कल्पना हिशेबनिसाची नव्हती, समुपदेशक बाईंची होती. चार लोकांत तोंड उघडायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. मागच्या बैठकीत आकडे वाचून दाखवायचे होते, तेव्हा तो पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली गेला आणि बैठक संपल्यावरच वर आला. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. त्या जागेवर टेबलाच्या वर बसणारा माणूस हवा, असं मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. पुढच्या बैठकीत पुन्हा तेच झालं असतं, तर ती खुर्ची कायमची हातची गेली असती.

म्हणून तो बाईंकडे जायला लागला. गुपचूप. घरी बाबा होते, त्यांनाही सांगितलं नाही. बाबा बसचे कंडक्टर. नोकरीतून निवृत्त झाले, आवाज तेवढा कामावर राहिला. दुकान असो, दवाखाना असो, माणसं उभी दिसली की बाबा ओरडायचे, "पुढे सरका, दार मोकळं ठेवा." आणि माणसं सरकायची. बाबांबरोबर बाहेर जायची वेळ आली, तर हिशेबनीस त्यांच्यापासून इतका लांब चालायचा की दोघांच्या मधून रिक्षा जायची.

"लाज चढते, थोडा वेळ थांबते आणि आपोआप उतरते," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही ती उतरायच्या आत पळता. एकदा तिला उतरू द्या."

मग त्यांनी उपाय सांगितला. एखाद्या भाजीला दोरी बांधायची आणि भर बाजारातून फिरवून आणायची. कुणी विचारलं तर खुलासा द्यायचा नाही. आणि लाज उतरेपर्यंत दोरी सोडायची नाही.

"शिजवायला हवा की कच्चा खायला?" भाजीवालीने विचारलं.

"फिरवायला."

तिने जरा टणक बघून दिला.

आणि बाजारात काहीच झालं नाही. एका बाईंनी बाजूला होऊन कोबीला वाट दिली. एका कुत्र्याने तो हुंगला आणि निराश होऊन निघून गेला. पानपट्टीवाल्याने लांबूनच विचारलं, "चावतो का?" हिशेबनीस म्हणाला, "नाही." संपलं. लाज गळ्यापर्यंत चढली, थांबली, आणि खरंच उतरायला लागली. हिशेबनिसाला हलकं वाटलं. त्याने चक्क शीळ घातली.

तेवढ्यात औषधाच्या दुकानासमोर मोठे साहेब भेटले. सोबत त्यांची बायको.

साहेबांनी हिशेबनिसाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग दोरी संपते तिथे पाहिलं.

"काय हो, तब्येत बरी आहे ना?"

साहेबांचा आवाज मऊ झाला होता. अशा आवाजात ते माणसाला लांब रजेवर पाठवत. उतरलेली लाज एका दमात डोक्यापर्यंत गेली. हिशेबनिसाच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर टेबल नव्हतं.

"सरका, सरका, पायरी मोकळी ठेवा."

दुकानातून बाबा बाहेर आले. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. त्यांनी एकदा मुलाचा चेहरा पाहिला, आणि त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

"माझा आहे हा," ते साहेबांना म्हणाले. "माझं डोकं जरा फिरलेलं आहे, साहेब. औषध आणायला आत गेलो, तेवढ्यापुरता यांच्याकडे दिला होता." मग वाकून कोबीला थोपटलं. "दमला बिचारा."

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," साहेब म्हणाले. "तुम्ही यांचे कोण?"

हिशेबनिसाने तोंड उघडलं. एकच शब्द सांगायचा होता, तोही दोन अक्षरी.

"कोणी नाही हो," बाबाच म्हणाले. "यांच्या शेजारी राहतो मी. एकटाच असतो. घेतात बिचारे सांभाळून."

साहेबांच्या बायकोने डोळे टिपले. साहेबांनी हिशेबनिसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"परक्या म्हाताऱ्यासाठी भर रस्त्यात एवढं कोण करतं? मी तुम्हाला भित्रा समजत होतो. सोमवारी येऊन भेटा. त्या खुर्चीचं बघू."

"थँक्यू, सर," हिशेबनीस म्हणाला. हे शब्द मात्र लगेच फुटले.

साहेब दिसेनासे झाले, तरी बाबा डोकं फिरल्यासारखे कोबीपाशी उभे होते. साहेब मागे वळून बघतील म्हणून. मग त्यांनी दोरी पुढे केली.

"घे. तुझं काही चाललं असेल ते पुरं कर."

हिशेबनिसाने दोरी घेतली नाही. रस्त्यावरून माणसं जात होती, आणि त्यांच्यापैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

"बाबा, शेजारचा असं का सांगितलंत?"

"मग काय सांगणार?" बाबांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "तुझा चष्मा द्यायला मी ऑफिसात आलो होतो, तेव्हा लिफ्टपाशी तूच या साहेबांना सांगितलंस ना, शेजारचे आहेत म्हणून? आज मी वेगळं बोललो असतो, तर तू खोटा पडला असतास."