लोटाभर पाणी

शौकतनं घरीच रेडिओ बनवला होता: एक चमकता खडा, तारेचं वेटोळं आणि छावणीतल्या भंगारातून आणलेला इअरफोन. विजेशिवाय चालायचा. एक तार छपरावर जायची, दुसरी अंगणातल्या मातीत पुरलेली. माती वाळली की निजामाच्या स्टेशनचा आवाज जायचा. शौकत आतून ओरडायचा, "अम्मी, पाणी!" त्याची आई बिल्किस लोटाभर पाणी मातीतल्या तारेपाशी ओतायची. "आला, आला!" तो हसायचा. तापानं तो आठवड्यातच गेला. बायका कब्रस्तानात जात नसत. जनाजा उठताना तिनं नवऱ्याच्या हातात तोच लोटा दिला. "कबरीवर भरपूर पाणी घाला. माती वाळली की आवाज जातो." त्यानं मान हलवली. संध्याकाळी तो रिकामा लोटा घेऊन परतला. तिनं तो भरला, अंगणातल्या तारेपाशी ओतला, इअरफोन कानाला लावला. कुणीतरी गात होतं, अगदी स्वच्छ. "आला," ती म्हणाली, "पण त्याचा नाय."