पायावर पाय

"कुत्री धरा!"

गोम्बो घोड्यावरूनच ओरडला. शागदरकडे आता कुत्रं उरलं होतं की नाही कोण जाणे, पण कुणाच्याही गेरपाशी, त्या नमद्याच्या तंबूपाशी, पोचलं की ही आरोळी द्यायचीच असते. या दारात ती त्याने अकरा वर्षांनी दिली होती. आवाज चिरकला.

नमद्याचा पडदा सरकवून शागदरची बायको हान्दा डोकावली आणि क्षणभर बघतच राहिली. "या भाऊजी," ती म्हणाली, "थंडी आत येतेय."

उंबरठ्याला बूट न लावता गोम्बो आत शिरला आणि डाव्या अंगाला, पाहुण्याच्या जागी बसला. चुलीपलीकडे शागदर बसला होता. आलेल्या माणसापुढे तपकिरीची कुपी धरतात. शागदरची कुपी कमरेलाच राहिली.

"जनावरं हिवाळा सुखात काढतायत ना?" त्याने विचारलं.

"सुखात," गोम्बो म्हणाला.

असंच म्हणायचं असतं. तीनशे मेंढरांतली सत्तर त्याच्या गेरमागे लाकडांसारखी रचून ठेवलेली होती. पडलेलं बर्फ एकदा वितळलं आणि पुन्हा गोठलं, तेव्हापासून सारं रान काचेसारखं झालं होतं. खुरं रक्ताळत, पण खालचं गवत काही हाती लागत नसे. आणखी तीन आठवडे असेच गेले असते तर राहिलेलीही आडवी झाली असती. या एका खोऱ्यातलं बर्फ तेवढं वाऱ्याने झाडून नेलं होतं, आणि हे खोरं शागदरच्या घराण्याचं. त्याच्या शब्दावाचून इथे दुसऱ्याचं खूर पडत नसे.

"मेंढरं संपली की पोरांना काय तुमचा ताठा शिजवून घालू?" सकाळी बायको, दुल्मा, म्हणाली होती. तिने स्वतःच घोड्यावर खोगीर चढवलं होतं.

दुल्माचं चुकत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्याची घोडी हरवली तेव्हा, उन्हाळ्यातल्या नादमच्या जत्रेत, शंभर माणसांदेखत, गोम्बोने शागदरला घोडीचोर म्हटलं होतं. एका हंड्यात जेवून वाढलेले दोघे! जिभेला हाड नसतं, हेच खरं. पुढच्या वसंतात घोडी आपल्या पायांनी घरी आली, मागे शिंगरू घेऊन. तेव्हाच जाऊन माफी मागायला हवी होती. गोम्बो आज जातो, उद्या जातो करत राहिला, आणि मग इतके दिवस लोटले की जायचीच लाज वाटायला लागली. आता घर बुडायची वेळ आली होती, तरी बेट्याचा पीळ काही सुटत नव्हता.

हान्दाने खारा दुधाचा चहा दिला. त्याने दोन्ही हातांनी वाडगा घेतला.

"इथलं बर्फ वाऱ्याने नेलंय म्हणे," तो शेवटी म्हणाला.

"नेलंय."

"बरं झालं."

"बरंच झालं."

शागदर चुलीतल्या शेणींकडे बघत राहिला. मदतीचा एक शब्दही तो पुढे सरकवणार नव्हता, आणि का सरकवावा? हान्दाने दुसरा वाडगा भरला, मग तिसरा. गोम्बोने तोही रिकामा केला. छताच्या भोकातून येणारा उजेड मळकट व्हायला लागला. अंधार पडायच्या आत परत पोचायचं तर निघायलाच हवं होतं. दुल्माला काय सांगणार होता तो?

तो उठला. चुलीलगत, दाराच्या वाटेवरच, शागदरचा एक पाय लांब पसरलेला होता. कुणाचे पाय ओलांडायचे नसतात. गोम्बोने वळसा घालायला पाऊल उचललं, आणि ते तसंच थांबलं.

पायाला पाय लागला की तिथल्या तिथे हात मिळवायचा. राजा असो, भिकारी असो. नाही मिळवला तर कायमचं वैर बसतं, म्हणतात. वैर तर बसलेलंच होतं. पण शागदरने हात हवेतच लोंबकळत ठेवला असता, तर मग साऱ्या मुलखात समेट करून देणारा माणूस सापडला नसता. आणि मेंढरं गेलीच म्हणायची.

गोम्बोने टाच शागदरच्या पायावर ठेवली. चांगली दाबून.

मग वाकून हात पुढे केला. हान्दाची चहातली पळी हलायची थांबली. शागदरने आधी आपल्या पायाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. तो इतका वेळ बघत राहिला की गोम्बोला वाटलं, संपलं.

शागदरने हात धरला. आणि सोडलाच नाही.

"किती उरलीत?" त्याने विचारलं.

"दोनशे तीस." गोम्बो म्हणाला. "रोज दहा-बारा जातायत. शागदर, ती घोडी..."

"घोडीचं राहू दे. उद्या उजाडताच हाकायला लाग. उतरणीच्या बाजूने आण, वर निसरडं आहे."

गोम्बोला आता मान वर करवेना. एवढं मिळाल्यावर खोटेपणा पोटात ठेवून जाणं त्याला जमलं नसतं. "पाय चुकून नाही पडला रे," तो म्हणाला. "मुद्दाम दिला."

शागदरने त्याचा हात आणखी घट्ट आवळला.

"कळलं ते. शेजाऱ्यांच्या थोरल्याच्या लग्नात मी पाय पुढे केला, विहिरीवर दोनदा केला, त्या म्हाताऱ्या लामाच्या मयताला केला. अकरा वर्षं पाय पुढे करतोय मी, आणि मेल्या, तू दर वेळी बघून चालायचास!"