देवळीतले अनारसे

जगदेवनं काठी दारात आडवी धरली.

"जवाईबुवा, पाय तिथंच ठेवा."

पुंजाजीनं पाय तिथंच ठेवला. केनवडाहून छकड्यात बसून भर उन्हात तो किन्हीराजाला आला होता. अधिक महिना लागला होता, आणि धोंड्याच्या महिन्यात सासू जावयाला अनारसे देते. अडचण एवढीच होती की पुंजाजीची बायको, म्हणजे जगदेवची बहीण रंगू, मानमोडीच्या साथीत वारली होती. पुंजाजीनं दुसरं लग्नही केलं होतं. तरी अधिक महिना आला की हा हजर.

जगदेवचा संताप तेवढ्यापुरता नव्हता. पुंजाजी खायचा कसा, तेही त्याला बघवत नसे. एक अनारसा उचलायचा आणि मागं पोलीस लागल्यासारखा घटाघटा पाण्याबरोबर गिळायचा. बाकीचे फडक्यात बांधून घ्यायचा, आणि निघताना ते फडकं भिंतीतल्या देवळीत विसरून जायचा. दर वेळी. एवढी मस्ती. मग अन्न वाया जाऊ नये म्हणून जगदेवलाच ते गोठ्यात बसून खावे लागत. एका अनारशाला एक शिवी, या हिशेबानं तो खाई. अनारसे आधी संपत, शिव्या उरत. त्याचा राग वेगळा.

त्यात त्याच्या आईचा, गोजराबाईचा, नियम कडक. धोंड्याचं वाण जावयाचं. जावयाचा छकडा दिसल्याशिवाय ती कढई चढवत नसे. जगदेवनं एकदा मागून पाहिलं, तर म्हणाली, "तुले तुयी सासू देईन." जगदेवची सासू त्याच्या लग्नाआधीच गेली होती.

आता छकडा दिसला होता. आत तूप तापलं होतं. तीन दिवस भिजून आंबलेल्या तांदळाचा, गुळाचा, खसखशीचा वास दारापर्यंत आला. शहाण्या माणसानं नाक मुरडावं असा वास. जगदेवनं तो आत ओढला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमची नवी सासू तळत नाई काय?"

"तळते ना. मी पित्ताचं निमित्त सांगतो."

"अन इथं पित्त होत नाई? बहीण गेली माई. आता कोन हाये तुमचं इथं? खान्यासाठी मानसानं इतकी लाज सोडाव?"

पुंजाजीनं पटक्याच्या टोकानं घाम पुसला. बोलावं की नाही, असं त्याला झालं होतं.

"रंगूनं सांगतलं होतं, जगदेवभाऊ. जाच्या आदी. म्हने, धोंड्यात जात जा. तुमी नाई गेले तं माय तळनार नाई, अन माया दादाले मंग कोन देईन?"

आत तुपात पहिला अनारसा पडला. चर्र झालं.

जगदेवची काठी हळूहळू खाली आली. तो देवळीकडे पाहत राहिला.

"मले तं हे आंबलेलं कदीच आवडलं नाई," पुंजाजी म्हणाला. "एक गिळतो कसातरी, मायले वाईट वाटू नये म्हनून."

काठी पुन्हा वर गेली.

"आवडत नाई? माया मायचा अनारसा?" जगदेव म्हणाला. "चाल आत. आज तुया ताटातला एकबी उरू देत नाई मी."