पवनचक्कीचं तिकीट

कल्पना करा. सोलापुरातली मे महिन्यातली दुपार आहे. अंगाची लाही लाही होते आहे. आणि अशा वेळी कुणीतरी उठून पंखा बंद करतं.

गुरुशांत अज्जांनी नेमकं तेच केलं. खिडक्याही लावून घेतल्या. जमलेली मुलं कुरकुरली नाहीत, त्यांना सवय होती. अज्जा एकटे राहत. दर रविवारी चाळीतल्या मुलांना बोलावून ते टपाल तिकिटांचा अल्बम उघडत, आणि तेवढा वेळ खोलीत वारा नको असे. इवलाली तिकिटं, उडाली की सापडायची नाहीत.

बाकीचे नियमही ठरलेले. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानंच धरायचं. आणि त्याच्यावर श्वास सोडायचा नाही. "मागं डिंक असतो," अज्जा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत. "श्वासाची ओल लागली की तो चिकट होतो, तिकीट वाकडं होतं. कोरं तिकीट एकदा बिघडलं, की बिघडलं." म्हणून कुणाला बोलायचं झालं तर तो मान मागे वळवून बोले.

महेश्वरीला मान वळवावी लागत नसे, कारण ती बोलतच नसे. भिंतीला टेकून बसे. समोर आत्याचा फोन ठेवलेला. आई गेल्यापासून ती हेमावती आत्याकडे राहत होती. तिचे वडील, अप्पा, तिकडे लांब कच्छात, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. आत्या आठवडाभर शाळेचे गणवेश शिवायला कारखान्यात जाई, फोन तिच्याबरोबर जाई. रविवारी मात्र तो महेश्वरीचा.

"फोन काय पुजायला मांडलीस का?" अमृतनं मान वळवून विचारलं. "वाजंना तर कधीच."

दोघं-तिघं हसली. महेश्वरीनं फोन जरा जवळ ओढला.

अज्जांनी एक पान उलटलं आणि चिमट्यानं एक तिकीट अलगद उचललं. "हे बघा. वाऱ्यापासून वीज करतात ना, तिच्या गौरवासाठी काढलेलं तिकीट. कोळसा एक दिवस संपेल. वारा संपायचा नाही." निळं आभाळ होतं, आणि त्यात उंच पांढऱ्या पवनचक्क्या. अज्जांकडे ते एकच होतं. पुन्हा शोधलं, पण मिळालं नव्हतं.

चिमटा या हातातून त्या हातात गेला आणि महेश्वरीपाशी येऊन थांबला. ती बघतच राहिली.

"दे की पुढं," अमृत म्हणाला. "त्यात काय तुझे अप्पा दिसायलेत?"

"दिसायचे न्हाईत," ती मान वळवून म्हणाली. "आत हायत."

पुन्हा कुणीतरी हसणार होतं. अज्जांनी हातानंच थांबवलं. "आत म्हणजे कुठं गं बाळ?"

"खांबात. आत शिडी असते, लई उंच. वर टेम्पोएवढी खोली. वारं पडलं की पाती थांबतात. मग अप्पा वर चढतात, दुरुस्तीला. फोन खालीच ठेवावा लागतो. हातातनं निसटला तर खालच्याच्या डोक्यात पडंल."

"आणि वारं सुटल्यावर?"

"मग वर कुणालाच थांबू देत न्हाईत. अप्पा खाली येतात. मग फोन करतात."

आता कुणी हसलं नाही.

मागच्या वेळी अप्पा म्हणाले होते, वारं पडलंय, आता रोज वर चढायचं, वारं सुटलं की निवांत बोलू. त्यानंतर महेश्वरीनं त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आत्या कधी कधी सकाळी म्हणे, "रात्री आलता गं फोन, तू झोपलेलीस." ते खरंही असेल. महेश्वरी शाळेला जाता-येता कोपऱ्यावरच्या कडुनिंबाकडे बघे. त्याचं पान हलत नव्हतं.

खोलीत उकडत होतं. छताचा पंखा गप्प. फोनचा पडदा काळा. तिकिटावरच्या पवनचक्क्यांची पातीही जिथल्या तिथं उभी.

अज्जांनी तिकीट परत घ्यायला हात पुढे केला. महेश्वरीनं ते दिलं नाही. चिमटा तिनं तोंडापाशी आणला, अगदी ओठांजवळ.

"अज्जा, बघा की ही काय करतीय," अमृत म्हणाला. मान वळवायची तो विसरला.

अज्जांनी बघितलं. त्यांना पंखा दिसला, फोन दिसला. त्यांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

महेश्वरीनं गाल फुगवले, आणि पवनचक्कीवर होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकर घातली.