बाविसाव्या रांगेतला पट्टा

सफाईचा नियम होता: सीटचा पट्टा बांधलेला दिसला, तर हात लावायचा नाही, सुपरवायझरला बोलवायचं.

आखातातून आलेलं विमान झाडताना दिवा गावच्या शेवंतीला बाविसाव्या रांगेतला एक पट्टा दर सोमवारी बांधलेला मिळे. टोकाला होडी खुंट्याला बांधायची गाठ. तिचा नवरा दामाजी तशीच मारायचा. तो आखातात गेला, त्याला तीन वर्षं झाली. पत्र नाही.

दर खेपेला पट्टा आणखी आवळलेला असे. आज त्याचा वेढा तिच्या मनगटाएवढा उरला होता. तिने सुपरवायझरला बोलावलं.

"सायेब, इथं अजून मानूस हाय."

"अगं, रिकामी सीट आहे. सोड गाठ, उशीर होतोय."

तिने गाठ सोडली.

सीटची दबलेली गादी हळूहळू वर आली.