मोकळी फेरी

"हेल्मेटमध्ये माझा अंबाडा मावत नाही, हे सहा वर्षं सांगतेय. ऐकतंय कोण?"

काकूंची कुरकुर चालली होती. सर त्यांच्या हनुवटीखालचा पट्टा आवळत होते आणि दोन पावलांवर उभी असलेली दातांची डॉक्टर काही ऐकलंच नाही असं दाखवत होती.

"मान वळते ना नीट?" सरांनी विचारलं.

"वळते हो. तेवढं एकच तर काम आहे मला."

सरांची गाडी डॉक्टरहून नऊ वर्षांनी मोठी. फिकट हिरवी, गोल दिव्यांची, दार लावलं की लोखंडी कपाटासारखी वाजणारी, आणि चालू झाली की आत दुसरं काही ऐकू न देणारी. सर तिला रोज पुसत, म्हणून लोक तिला काकूंची सवत म्हणत. "सवत कसली, सासू आहे," काकू म्हणत. "तिचा मूड बघूनच घराबाहेर पडायचं."

मेकॅनिक गाड्या तपासत आला. त्याने सरांच्या आरशाला बोट लावलं. "सर, हा फार थरथरतो. यात मागचं काय दिसणार?"

"त्याचं आम्ही बघतो," काकू म्हणाल्या. मेकॅनिकने वहीत बरोबरची खूण केली.

महिन्यातून एकदा हा शर्यतींचा ट्रॅक हौशी लोकांना खुला असे. शर्यत नव्हे; आपापली गाडी पोटभर पळवायची, एवढंच. वीस-वीस मिनिटांच्या तीन पाळ्या, जुन्या-नव्या गाड्या एकत्र. नियम एकच: पुढच्याने खिडकीतून हात काढून 'जा' म्हटल्याशिवाय मागच्याने पुढे जायचं नाही.

सरांचा हात कधी बाहेर येत नसे.

सर सगळ्यांच्या आधी येऊन रांगेत पहिले उभे राहत. त्यांच्या पुढे गाडी लावायची कुणाची छाती नव्हती. मग ती हिरवी गाडी पुढे आणि विमानासारख्या गुरगुरणाऱ्या नऊ गाड्या मागे, अशी वरात निघे. ट्रॅकवर वळणाला दुसरीकडे जायची सोयच नसते. तरी सर प्रत्येक वळणाला इंडिकेटर देत.

सरांना कुणी काही बोलत नसे, कारण सरांनी अठ्ठावीस वर्षं लायसनच्या परीक्षा घेतल्या होत्या. मागच्या नऊपैकी सहाजण त्यांच्या हातून नापास झालेले. निळा झेंडा दाखवून सरांना बाजूला घ्यायचं ज्याचं काम, तोही दोनदा. त्याचा झेंडा कमरेच्या वर जातच नसे. डॉक्टर तर तीनदा. तिन्ही वेळा कारण तेच. "आरसा!" सर ओरडले होते. "आरसा कोण बघणार तुमचा? शेजारी बसलेलं माणूस?"

अजून दाढेत ड्रिल घालताना तिला मधूनच तो आवाज ऐकू येई.

आज मात्र तिला एक फेरी हवी होती. एकच, मोकळी, पाय दाबून. उद्या तिची गाडी जाणार होती आणि आईची चाकांची खुर्ची चढेल अशी उंच, डब्यासारखी गाडी येणार होती. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. फक्त त्याआधी एक फेरी.

पहिल्या पाळीत ती सरांच्या बरोबर मागे होती. सरळ पट्टा आला की सरांचं डोकं काकूंकडे झुके. काकू मागे वळून बघत, अगदी डॉक्टरच्या डोळ्यांत, आणि ओशाळं हसत. मग सरांकडे वळून नकारार्थी मान हलवत.

बिचारी, डॉक्टरला वाटलं. पुरे करा म्हणून विनवत असणार. हे ऐकतील तर शपथ.

दुसऱ्या पाळीत तिने मुद्दाम गाडी मागे ठेवली, अंतर पाडलं, मग पाय दाबला. अर्ध्या फेरीत पुन्हा तेच गोल दिवे आणि तेच काकूंचं ओशाळं हसू.

पत्र्याच्या शेडमध्ये सगळे कॉफी घेऊन जमले.

"कुणीतरी सांगा त्यांना," नऊजणांतला एक बिल्डर म्हणाला.

"तूच सांग."

"माझं लायसन पुढच्या महिन्यात संपतंय."

"अरे, सर रिटायर होऊन आठ वर्षं झाली!"

"तरीपण."

डॉक्टरने पेला खाली ठेवला. रोज लोकांना तोंड उघडायला सांगते, आज आपलं उघडायचं, असं स्वतःला बजावत ती हिरव्या गाडीपाशी गेली. सर काच पुसत होते. काकू आत, मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या.

"सर."

"बोला."

"सर, तुम्ही हात देत नाही. आम्ही नऊजण तुमच्या मागे अडकून असतो. आजच नाही, सहा वर्षं. काकूसुद्धा विनवतात, मी बघते ना. मला आज फक्त एक फेरी हवीय, सर. उद्या माझी गाडी जातेय."

सरांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मागे? मागे कुणी होतं?"

"सर, नऊ गाड्या!"

सर सावकाश काकूंकडे वळले. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा त्यांचा आवाज झाला. "अगं, मी दर फेरीला विचारतो तुला. तू मागे बघतेस आणि कुणी नाही म्हणतेस."

काकूंनी पर्सची चेन लावली. हेल्मेट उचललं, त्यात अंबाडा नीट कोंबला आणि डॉक्टरकडे बघून तेच ओशाळं हसल्या.

"चाळीस वर्षं यांनी मला रस्त्यावर सगळ्यांना वाट देत, सगळ्यांच्या मागून फिरवलं गं. तुला मोकळी फेरी हवी ना? मग पळ, आमच्या पुढे जाऊन रांगेत उभी राहा. मागून आलीस, तर मी काही यांना सांगायची नाही."